बर्फ, टायर आणि पाण्यावर गोळा केलेला हायड्रोजन : उष्णतेची व वायूंची गणिते नेमकी कुठे चुकतात

अकरावी विज्ञान शाखेत शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीने तीन गणिते पाठवून विचारले आहे की, सूत्रे पाठ आहेत, आकडेमोड दोनदा तपासली आहे, तरीही उत्तरे जुळत नाहीत, ती का? पहिल्या गणितात उष्णतारोधक भांड्यातील ४० अंश सेल्सियसच्या २५० ग्रॅम पाण्यात उणे १० अंशांचा १५० ग्रॅम बर्फ टाकला आहे आणि अंतिम तापमान विचारले आहे. तिचे उत्तर उणे ६.७ अंश आले. दुसऱ्यात सकाळी १५ अंश तापमानाला मोटारीच्या टायरमधील हवा गेजवर ३२ पीएसआय (पौंड प्रतिचौरस इंच) दाखवते, तर महामार्गावर टायर ५५ अंशांपर्यंत तापल्यावर गेज किती दाखवेल, असे विचारले आहे. तिचे उत्तर ११७. तिसऱ्यात जस्त आणि विरल हायड्रोक्लोरिक आम्ल यांच्यापासून मिळालेला २५० मिलिलिटर हायड्रोजन २७ अंशांना व पाऱ्याच्या ७५० मिलिमीटर दाबाला पाण्यावर गोळा केला आहे, त्या तापमानाचा पाण्याचा बाष्पदाब (पाण्याच्या वाफेचा दाब) दिला आहे आणि वापरल्या गेलेल्या जस्ताचे वस्तुमान काढायचे आहे. तिचे उत्तर ०.६५५ ग्रॅम, पुस्तकातले ०.६३२.

ही गणिते मी चोवीस वर्षे शिकवीत आलो आहे आणि तुमच्या वहीतील पाने पाहून खात्रीने सांगू शकतो की, तुमची आकडेमोड तिन्ही ठिकाणी अचूक आहे. चूक त्याच्या आधी झाली आहे. भांड्यात, टायरमध्ये आणि नळीत प्रत्यक्ष काय घडते आहे, हे ठरवण्याआधी सूत्र लिहिले गेले. म्हणून मी सूत्रे पुन्हा सांगत बसत नाही; सूत्राच्या आधीचे काम कसे करायचे, ते सांगतो.

आंघोळीचे पाणी कढत असले की आपण त्यात विसण घालतो, तेथून सुरुवात करू. समजा, बादलीत ८० अंशांचे ५ लिटर पाणी आहे, नळाचे पाणी २७ अंशांचे आहे आणि आपल्याला ४२ अंशांचे पाणी हवे आहे. गरम पाण्याचा प्रत्येक लिटर ३८ अंशांनी उतरणार, गार पाण्याचा प्रत्येक लिटर १५ अंशांनी चढणार. पाच गुणिले अडतीस म्हणजे १९०. त्याला १५ ने भागले की १२.७ लिटर विसण लागते. येथे पाण्याची विशिष्ट उष्माधारकता (एक ग्रॅम पदार्थ एक अंशाने तापवण्यास लागणारी उष्णता) दोन्ही बाजूंना सारखीच असल्यामुळे ती लिहावीही लागली नाही, आणि तापमानातील फरकच वापरला असल्यामुळे केल्विनचा (उणे २७३ अंशांपासून मोजलेल्या तापमानाचा) प्रश्नही आला नाही. दर वर्षी काही विद्यार्थी ३८ मध्ये २७३ मिळवून ३११ करतात. तापमान केल्विनमध्ये बदलायचे असते, तापमानातील फरक नव्हे. अडतीस सेल्सियस अंशांचा फरक हा अडतीस केल्विनचाच फरक असतो.

विसणाचे गणित सोपे वाटते, कारण त्यात पाणी पाणीच राहते. बर्फ आला की तसे राहत नाही. ग्लासगो येथे जोसेफ ब्लॅक यांनी १७६०च्या सुमारास नेमके हेच दाखवून दिले की, वितळणारा बर्फ भरपूर उष्णता शोषून घेतो, पण तापमापीचा पारा हलत नाही. उष्णता आणि तापमान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यातून स्पष्ट झाले, आणि अप्रकट उष्मा ही संकल्पना तेथून आली. एक ग्रॅम बर्फ शून्य अंशाला वितळवण्यासाठी ३३४ ज्यूल लागतात. तेवढ्याच उष्णतेने तेच एक ग्रॅम पाणी शून्यापासून जवळजवळ ८० अंशांपर्यंत तापते.

आता तुमच्या पहिल्या गणिताकडे वळू. तुम्ही लिहिले : बर्फ तापण्याची उष्णता, अधिक वितळण्याची उष्णता, अधिक वितळलेले पाणी अंतिम तापमानापर्यंत तापण्याची उष्णता, बरोबर मूळ पाण्याने दिलेली उष्णता. बर्फाची विशिष्ट उष्माधारकता २.१ आणि पाण्याची ४.२ ज्यूल प्रतिग्रॅम प्रतिअंश धरून उत्तर उणे ६.७ आले. हे समीकरण लिहिताना तुम्ही नकळत एक गोष्ट गृहीत धरली, ती ही की सगळा बर्फ वितळतो. ते खरे आहे की नाही, हे तुम्हाला कोणी सांगितले नव्हते. ते तुम्हीच शोधायचे होते.

अशा वेळी मी वहीच्या समासात आधी जमाखर्च मांडायला लावतो : बर्फाची मागणी किती आणि पाण्याची ऐपत किती. उणे १० पासून शून्यापर्यंत येण्यासाठी १५० ग्रॅम बर्फाला १५० × २.१ × १० म्हणजे ३,१५० ज्यूल हवेत. पूर्ण वितळण्यासाठी १५० × ३३४ म्हणजे ५०,१०० ज्यूल हवेत. एकूण मागणी ५३,२५० ज्यूल. पाणी ४० वरून शून्यापर्यंत उतरले तर ते जास्तीत जास्त २५० × ४.२ × ४० म्हणजे ४२,००० ज्यूल देऊ शकते. मागणी ऐपतीपेक्षा मोठी आहे. म्हणजे बर्फ शून्यापर्यंत नक्की येणार, पण सगळा वितळणार नाही, आणि बर्फ व पाणी दोन्ही शिल्लक असताना तापमान शून्य अंशच राहणार. उत्तर येथेच मिळाले. समीकरण सोडवावे लागलेच नाही. किती बर्फ वितळला, असे विचारले असेल तर ४२,००० मधून ३,१५० वजा करून उरलेल्या ३८,८५० ला ३३४ ने भागायचे : ११६.३ ग्रॅम वितळला, ३३.७ ग्रॅम उरला.

तुमचे उणे ६.७ हे उत्तर चुकीचे असले तरी निरुपयोगी नव्हते. वितळलेले पाणी शून्याच्या वर तापते, असे गृहीत धरून समीकरण लिहिले आणि उत्तर शून्याच्या खाली आले, म्हणजे गृहीतच मोडले, हे समीकरण स्वतःच सांगत होते. असे उत्तर आले की आकडेमोड पुन्हा तपासू नका, गृहीत तपासा.

याच गणितात बर्फ १०० ग्रॅम असता तर मागणी २,१०० अधिक ३३,४०० म्हणजे ३५,५०० ज्यूल झाली असती, ऐपत तीच ४२,०००, आणि उरलेले ६,५०० ज्यूल ३५० ग्रॅम पाण्याला तापवून ४.४ अंशांवर नेते झाले असते. तेव्हा तुमचे समीकरण बिनचूक चालले असते. उलट टोकाचा प्रसंगही एकदा करून पाहावा. उणे २० अंशांच्या ५०० ग्रॅम बर्फात ५ अंशांचे ५० ग्रॅम पाणी ओतले, तर पाणी शून्यावर येताना १,०५० ज्यूल आणि पूर्ण गोठताना आणखी १६,७०० ज्यूल देईल, तरी बर्फाला शून्यावर येण्यासाठी लागणारे २१,००० ज्यूल भरत नाहीत. म्हणून येथे सगळे पाणी गोठते आणि अंतिम तापमान उणे २.८ अंश येते. ‘बर्फ आणि पाण्याचे गणित’ या एकाच नावाखाली खरे तर तीन वेगळी गणिते आहेत, आणि आपल्यासमोर त्यांपैकी कोणते आहे, हे जमाखर्च मांडल्याशिवाय कळत नाही.

वाफेच्या बाबतीत हाच आकडा आणखी मोठा होतो : १०० अंशांना एक ग्रॅम पाण्याची वाफ होण्यास २,२५६ ज्यूल लागतात. इडलीपात्राचे झाकण उघडताना हातावर आलेली एक ग्रॅम वाफ आधी हे २,२५६ ज्यूल सोडते आणि मग पाणी होऊन शरीराच्या तापमानापर्यंत उतरताना आणखी २६५ ज्यूल देते. त्याच तापमानाचे एक ग्रॅम उकळते पाणी फक्त हे २६५ ज्यूल देते. माठाचे गणितही याच जातीचे आहे. साधारण ३० अंशांच्या आसपास एक ग्रॅम पाणी उडून जाताना सुमारे २,४३० ज्यूल नेते. पाच लिटर पाणी १० अंशांनी गार करायला २,१०,००० ज्यूल काढून घ्यावे लागतात, म्हणजे बाहेरून उष्णता आत येत नाही असे धरले तर अवघे ८६ ग्रॅम पाणी माठाच्या अंगातून झिरपून उडाले तरी पुरते. बाहेरून उष्णता येतच असते, म्हणून प्रत्यक्षात जास्त पाणी उडते.

आता वायूंकडे येऊ. बॉइल यांनी १६६२ मध्ये दाब आणि आकारमान यांचा संबंध मांडला, गे-ल्युसॅक यांनी १८०२ मध्ये तापमानाचा, अ‍ॅव्होगॅड्रो यांनी १८११ मध्ये रेणूंच्या संख्येचा. परीक्षेसाठी हे वेगवेगळे नियम पाठ केले जातात आणि मग कोणता कुठे लावायचा, असा गोंधळ होतो. माझा आग्रह असा आहे की, दाब गुणिले आकारमान बरोबर मोलसंख्या (एक मोल म्हणजे रेणूंची एक ठरावीक संख्या) गुणिले वायूस्थिरांक गुणिले केल्विन तापमान, हे आदर्श वायूचे एकच समीकरण लिहावे आणि चार राशींपैकी कोणत्या बदलत नाहीत, ते गणितातील मजकुरावरून ठरवून खोडून टाकाव्यात. उरते तो नियम आपोआप हवा तोच असतो.

टायरचे गणित घ्या. टायर फारसा फुगत नाही, म्हणून आकारमान स्थिर. हवा भरली नाही, सोडली नाही, म्हणून मोलसंख्या स्थिर. उरले दाब आणि तापमान, दोन्ही समप्रमाणात. येथवर तुमचे बरोबर होते. पण तुम्ही ३२ ला ५५ ने गुणून १५ ने भागले. सेल्सियसचा शून्य हा पाण्याच्या गोठणबिंदूवर माणसाने ठेवलेला खुणेचा दगड आहे. १५ अंशांच्या हवेत ‘१५ इतकी’ उष्णता नसते, आणि ३० अंशांची हवा १५ अंशांच्या हवेच्या दुप्पट तप्त नसते. गुणोत्तर घ्यायचे असेल तर मोजणी खऱ्या शून्यापासून, म्हणजे उणे २७३ अंशांपासून झाली पाहिजे. २८८ आणि ३२८ हे आकडे घेतले की उत्तर ३६.४ येते. तेही अजून बरोबर नाही. गेजचा शून्यसुद्धा खरा शून्य नसतो. पंक्चर झालेल्या टायरवर गेज शून्य दाखवते, तेव्हा आत निर्वात पोकळी नसते. बाहेरच्या हवेइतकाच दाब असतो, सुमारे १४.७ पीएसआय. म्हणून सकाळचा खरा दाब ३२ अधिक १४.७ म्हणजे ४६.७. त्याला ३२८ ने गुणून २८८ ने भागले की ५३.२. त्यातून १४.७ वजा केले की गेजवर दिसेल सुमारे ३८.५. टायर गार असतानाच हवा तपासावी, असे गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेले असते, त्याचे कारण हेच सहा-साडेसहाचे अंतर आहे.

मोलसंख्या बदलते ती गणिते अधिक फसवी असतात. तोंड उघडे असलेला चंबू २७ वरून १२७ अंशांपर्यंत तापवला, तर आतील हवेचा किती भाग बाहेर जातो? बहुतेक मुले म्हणतात, आकारमान ४/३ पट झाले, म्हणजे १/३ हवा बाहेर गेली. चंबूचे आकारमान बदललेले नाही आणि तोंड उघडे असल्यामुळे दाबही तोच आहे. बदलले आहे ते तापमान आणि त्यासोबत मोलसंख्या. तापमान ३०० वरून ४०० केल्विन झाले, म्हणून मोलसंख्या तीन चतुर्थांश उरली आणि एक चतुर्थांश हवा बाहेर गेली. आकारमान ४/३ पट झाले, हे वाक्य खोटे नाही, पण बाहेर गेलेला १/३ हा चंबूच्या आकारमानाचा १/३ आहे, आणि तो तापून विरळ झालेल्या हवेचा आहे. मूळ हवेचा तो चौथाच भाग भरतो.

प्रेशर कुकरचे उदाहरण मी वर्गात मुद्दाम घेतो, कारण त्यात आदर्श वायूचे समीकरण लावण्याचा मोह होतो आणि ते तसे लागत नाही. कुकर बंद आहे, आतील तापमान २७ वरून १२० अंशांवर गेले, म्हणून दाब ३९३ भागिले ३०० पट, म्हणजे सुमारे १.३ वातावरण, असे उत्तर मुले देतात. प्रत्यक्षात घरगुती कुकरमध्ये शिट्टीच्या वेळी दाब जवळजवळ दोन वातावरण असतो. आत पाणी आहे, ते सतत वाफ होत आहे, आणि वायुरूप रेणूंची संख्या स्थिर नाही, हे पहिल्या उत्तरात विसरले गेले. १२० अंशांना पाण्याचा बाष्पदाबच सुमारे १.९६ वातावरण असतो. म्हणून वायूच्या गणितात ‘भांडे बंद आहे’ एवढे वाचून मोलसंख्या स्थिर धरू नका. आत द्रव आहे का, ते आधी पाहा. स्वयंपाकाच्या गॅसची टाकी हे त्याचेच दुसरे रूप. १४.२ किलोच्या टाकीत गॅस द्रवरूपात असतो आणि जोवर आत द्रव शिल्लक आहे तोवर दाब मुख्यतः तापमानावर ठरतो, किती गॅस उरला यावर नाही. म्हणून दाब मोजून शिल्लक कळत नाही. टाकीवर छापलेले रिकाम्या टाकीचे वजन वजा करूनच ती काढावी लागते.

तुमचे तिसरे गणितही याच ठिकाणी अडले आहे. हायड्रोजन पाण्यावर गोळा केला, म्हणजे नळीत हायड्रोजनबरोबर पाण्याची वाफही आहे, आणि ७५० मिलिमीटर हा दोघांचा मिळून दाब आहे. २७ अंशांना पाण्याचा बाष्पदाब २६.७ मिलिमीटर असतो. तो वजा केल्यावर हायड्रोजनचा स्वतःचा दाब ७२३.३ मिलिमीटर, म्हणजे ०.९५१७ वातावरण उरतो. ०.९५१७ ला ०.२५० ने गुणून ०.०८२१ × ३०० ने भागले की ०.००९६६ मोल हायड्रोजन. एका मोल जस्तापासून एक मोल हायड्रोजन मिळतो, म्हणून ६५.४ ने गुणून ०.६३२ ग्रॅम जस्त. गणितात बाष्पदाब दिलेला होता. तो कशासाठी दिला आहे, असे विचारले असते तर हा टप्पा सुटला नसता. प्रश्नातील एखादा आकडा वापरला गेला नाही, तर उत्तराखाली रेघ मारण्यापूर्वी थांबावे.

वायूस्थिरांकाबद्दल एक व्यवहारी सूचना. दाब वातावरणात आणि आकारमान लिटरमध्ये असेल तर ०.०८२१, दाब पास्कलमध्ये आणि आकारमान घनमीटरमध्ये असेल तर ८.३१४. किलोपास्कल गुणिले लिटर हेही ज्यूलच होतात, म्हणून त्या जोडीलाही ८.३१४ च चालतो; मला हीच जोडी सर्वांत सोयीची वाटते. आणि प्रमाण स्थितीत मोलचे आकारमान २२.४ लिटर की २२.७, हा वाद घालू नका. शून्य अंश व एक वातावरण असेल तर २२.४, रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने (आययूपीएसी) १९८२ मध्ये प्रमाण दाब एक बार केल्यानंतर त्या दाबाला २२.७. दोन्ही बरोबर आहेत. प्रश्नात दाब कोणता दिला आहे ते वाचा. खोलीत मोजलेल्या वायूला यांपैकी कोणताही आकडा लावू नका. पुण्यासारख्या सुमारे ५६० मीटर उंचीवरच्या गावात तर हवेचा दाबही ७६० मिलिमीटर नसतो, ७१० च्या आसपास असतो, आणि म्हणूनच आमच्या प्रयोगशाळेत उकळत्या पाण्यात तापमापी ९८ दाखवते. दर वर्षी कोणीतरी तापमापी बिघडली म्हणून बदलून मागते. ती बिघडलेली नसते.

रसायनशास्त्रातील उष्णतेच्या गणितांत आणखी एक अडचण येते. एक मोलर (लिटरमागे एक मोल असलेले) हायड्रोक्लोरिक आम्ल आणि एक मोलर सोडियम हायड्रॉक्साइड प्रत्येकी १०० मिलिलिटर थर्माकोलच्या पेल्यात मिसळले, तर तापमान किती वाढेल? प्रत्येकी ०.१ मोल आहे आणि मोलला ५७.३ किलोज्यूल सुटतात, म्हणजे ५,७३० ज्यूल. तापणारे द्रावण २०० ग्रॅम आहे, १०० नव्हे. त्यामुळे ५,७३० भागिले २०० × ४.१८ म्हणजे ६.९ अंश. दोन्ही द्रावणे दुप्पट घेतली तर उष्णता दुप्पट होते, पण तापायचे पाणीही दुप्पट होते आणि तापमानातील वाढ तीच राहते. येथेही तीच सवय उपयोगी पडते : सुटलेली उष्णता नेमकी कोणाच्या अंगावर पडते आहे?

शेवटी चिन्हांविषयी, कारण तुम्ही पत्राच्या अखेरीस त्याचाही उल्लेख केला आहे. भौतिकशास्त्राच्या तासाला उष्मागतिकीचा पहिला नियम असा लिहिला जातो : दिलेली उष्णता बरोबर अंतर्गत ऊर्जेतील वाढ अधिक वायूने केलेले कार्य. रसायनशास्त्राच्या तासाला : अंतर्गत ऊर्जेतील वाढ बरोबर दिलेली उष्णता अधिक प्रणालीवर केलेले कार्य. नियम एकच आहे. वायूने केलेले कार्य आणि वायूवर झालेले कार्य यांचे चिन्ह उलट असते, एवढाच फरक. दोन्ही रीतींनी एकच गणित सोडवून पाहिल्याशिवाय हे मनात बसत नाही, म्हणून हे करा : १०० अंशांना एक वातावरण दाबाखाली एक ग्रॅम पाण्याची वाफ झाली. एक घनसेंटिमीटर पाण्याची १,६७१ घनसेंटिमीटर वाफ झाली, म्हणजे बाहेरची हवा १,६७० घनसेंटिमीटरने मागे ढकलली गेली, आणि त्यासाठीचे कार्य १६९ ज्यूल. भौतिकशास्त्राच्या रीतीने वायूने केलेले कार्य अधिक १६९, म्हणून २,२५६ वजा १६९; रसायनशास्त्राच्या रीतीने प्रणालीवर झालेले कार्य उणे १६९, म्हणून २,२५६ अधिक उणे १६९. दोन्हीकडे अंतर्गत ऊर्जा २,०८७ ज्यूलने वाढली. ही ऊर्जा रेणूंना एकमेकांपासून सोडवण्यात गेली आणि १६९ ज्यूल हवा सरकवण्यात.

आता हेच कार्य आदर्श वायूच्या समीकरणावरून काढून पाहा. एक ग्रॅम म्हणजे एक अठरांश मोल, ८.३१४ × ३७३ ला १८ ने भागले की १७२ ज्यूल येतात, १६९ नव्हे. आकडेमोड बरोबर आहे. शंभर अंशांच्या वाफेचे रेणू एकमेकांना किंचित ओढतात, त्यामुळे ती आदर्श वायूपेक्षा थोडी कमी जागा व्यापते, आणि हे तीन ज्यूल त्या ओढीचे आहेत.